‘नुसतं क्रॅश होतं’ असं लिहू नकोस

पोरी, आता तू कर्नलच्या नेटवर्क कोडवर काम करणार, तर आधी एक ध्यानात ठेव. या कोडला पासवर्ड विचारायची सोय नसते. पॅकेट कोणी पाठवलं, कशासाठी पाठवलं, हे कळायच्या आत ते उघडावंच लागतं. आणि उघडणारा कोड मशीनवरचे सगळे अधिकार हातात घेऊन चालत असतो.

पॅकेटमध्ये लिहिलेली लांबी हे पाठवणाऱ्याचं म्हणणं. प्रत्यक्षात किती बाइट आले ते आपण मोजायचं. वजाबाकीच्या ओळीपाशी तर थांबच. ३२ बिटांच्या बिनचिन्ही संख्येत तीनातून पाच गेले की उणे दोन उरत नाहीत, ४२९ कोटींवर आकडा जातो, आणि कॉपी करणारं फंक्शन तेवढे बाइट ओतायला निघतं. म्हणून आधी तुलना, मग वजाबाकी.

प्रोटोकॉलच्या नियमात ‘असं येणारच नाही’ असं असेल, तिथे चाचणी हटकून लिही. आयपीव्ही६ मध्ये राउटर डीएनएस सर्व्हरचे पत्ते कळवतो, त्या भागाची लांबी आठ-आठ बाइटांच्या हिशेबात मोजतात. सुरुवातीचा एक आणि दर पत्त्याचे दोन, म्हणजे आकडा कायम विषम. कोणी मुद्दाम सम आकडा पाठवला की विंडोजचा हिशेब चुकायचा आणि स्टॅकवरचा बफर ओलांडला जायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टला त्यासाठी पॅच काढावा लागला.

पण मला तुला खरं सांगायचंय ते २००७ सालचं. ओपनबीएसडी ही सुरक्षिततेचा ध्यास घेतलेली सिस्टीम. थिओ डी राट आणि त्यांचे सहकारी कोड ओळ न् ओळ तपासतात, याबद्दल मला फार आदर आहे. त्या फेब्रुवारीत कोअर सिक्युरिटी या कंपनीच्या मंडळींनी त्यांना कळवलं, की तुकड्या-तुकड्यांनी येणाऱ्या आयसीएमपीव्ही६ पॅकेटांमुळे कर्नल कोसळतो. पॅकेट ज्यात साठवतात त्या एमबफची हाताळणी चुकत होती आणि शेजारची मेमरी पुसली जात होती. दुरुस्ती काही दिवसांतच झाली. पण तिच्यावर शिक्का बसला तो विश्वासार्हतेचा, सुरक्षेचा नाही. मार्चमध्ये कोअरने त्याच चुकीतून कर्नलमध्ये आपला कोड चालवून दाखवला, तेव्हा शिक्का बदलला. मूळ इन्स्टॉलमध्ये दहा वर्षांहून जास्त काळात दुरून घुसता येईल असं एकच भोक सापडलं, असं ओपनबीएसडीचं अभिमानाचं वाक्य होतं. त्यात एकाचे दोन झाले.

शिक्क्यात काय आहे, असं म्हणू नकोस. पलीकडे सर्व्हर सांभाळणारा माणूस तोच वाचून ठरवतो, मशीन आज रात्री रीबूट करायचं की महिनाअखेरीस. पॅकेटमुळे मेमरीत नको तिथे लिहिलं जातंय एवढं दिसलं, की ते सुरक्षेचं भोक आहे असंच धर. ‘तुला त्यातून कोड चालवता आला का?’ असं कोणी विचारलं तर निक्षून सांग, आपल्याला जमला नाही याने काहीच सिद्ध होत नाही. ज्याला जमवायचंय त्याच्याकडे आपल्यापेक्षा जास्त वेळ असतो.

पॅचसोबत तात्पुरता उपायही द्यायचा. २००७ च्या त्या चुकीच्या वेळी आयपीव्ही६ न वापरणाऱ्यांना ओपनबीएसडीच्या पीएफ फायरवॉलमध्ये एक ओळ घालून आत येणारं सगळं आयपीव्ही६ अडवता येत होतं. अशी ओळ सूचनेच्या पहिल्याच परिच्छेदात घाल. मात्र त्याआधी चुकीचा कोड फायरवॉलच्या अगोदर चालतो की नंतर, हे स्वतः पॅकेट पाठवून बघ.