मेंढीच्या पोटातील चार कप्पे

मुलांनो, दिवाळीनंतर देशावरचे धनगर कळप घेऊन कोकणाकडे निघतात. आपल्या मुळशी तालुक्यात असा कळप दिसला, तर जरा थांबून पाहा. सावलीत बसलेल्या मेंढ्यांचे जबडे हलत असतात. समोर तर गवत नाही, मग त्या काय चावतात? सकाळी घाईने गिळलेले गवत त्या पुन्हा तोंडात आणून चावतात. यालाच रवंथ करणे म्हणतात.

बकरी ईदला तुम्ही ओझरी पाहिली असेल. मराठीत तिला वजडी म्हणतात. हेच मेंढीचे जठर. त्याचे चार कप्पे असतात.

पहिला कप्पा रुमेन. हा सर्वांत मोठा असून पोटाची डावी बाजू व्यापतो. आतून तो टॉवेलसारखा दिसतो. मेंढीला गवतातील सेल्युलोज स्वतः पचवता येत नाही. रुमेनमधील असंख्य सूक्ष्मजीव ते आंबवतात. दुसरा कप्पा रेटिक्युलम. त्याचे अस्तर मधाच्या पोळ्यासारखे असते. गिळलेला खिळा किंवा तार येथेच अडकते. तिसरा ओमेझम. त्यात पुस्तकाच्या पानांसारख्या घड्या असतात. त्या पाणी शोषून घेतात. चौथा अबोमेझम. आपल्या जठराप्रमाणे यात आम्ल व पाचकरस तयार होतात.

आता अस्तर पाहू. पहिल्या तीन कप्प्यांच्या अस्तरात पेशींचे अनेक थर असतात. आपल्या त्वचेप्रमाणे वरच्या पेशी टणक असतात, म्हणून खरखरीत गवताने अस्तर सोलवटत नाही. त्यात ग्रंथी नसतात. चौथ्या कप्प्याचे अस्तर मात्र मऊ, पेशींच्या एकाच थराचे आणि ग्रंथींनी भरलेले असते. चारही कप्प्यांच्या भिंतींत स्नायू असतात. ते अन्न घुसळतात व पुढे ढकलतात.

एका ईदच्या आधी आमच्या शेजारच्या मुलाने आपल्या मेंढ्याला लाडाने टोपलीभर भाकरी आणि ज्वारी खाऊ घातली. दुसऱ्या दिवशी मेंढा उठेना. त्याचे रवंथ बंद झाले होते. डॉक्टर आले, पण मेंढा वाचला नाही. मुलगा खूप रडला. असे का झाले? धान्य रुमेनमध्ये फार लवकर आंबते. आम्ल वाढते, गवत पचवणारे सूक्ष्मजीव मरतात, अस्तराला इजा होते आणि शरीरातील पाणी रुमेनमध्ये ओढले जाते.

म्हणून मुलांनो, मुक्या जनावरावर प्रेम करायचे तर आधी त्याचे पोट ओळखा. त्याला गवत व पाला द्या. धान्य द्यायचेच तर अगदी थोडे द्या. त्याच्या डाव्या कुशीवर तळहात ठेवा. मिनिटाला एकदा-दोनदा रुमेनची हालचाल जाणवेल. ती जाणवली नाही आणि रवंथही थांबले असेल, तर लगेच गुरांच्या डॉक्टरांना बोलवा.

शब्दार्थ : रवंथ – जुगाली, कप्पा – खाना, अस्तर – आतला थर, इजा – जखम.

स्वाध्याय
१. मेंढीच्या जठराच्या चार कप्प्यांची नावे लिहा.
२. रुमेनचे अस्तर गवताने का सोलवटत नाही?
३. मेंढा का मेला? तुमच्या शब्दांत सांगा.