मुनगा छाटला की कुत्र्याला सुई : एक दिवस, दोन कामं



या महिन्याचा पाठ बचतीचा नाही आणि कर्जफेडीचाही नाही. सांदवाडीतल्या मुनग्याचा आणि छपरीत पडून राहणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याचा आहे.

तुम्ही म्हणाल, या दोघांचा एकमेकांशी काय संबंध? दोघंही घरात सगळ्यात कमी मागतात. मुनग्याला कोणी मुद्दाम पाणी घालत नाही, तरी तो शेंगा देतो. कुत्र्याला उरलासुरला भात मिळतो, तरी तो दहा-बारा वर्षं दार राखतो. जो मागत नाही त्याच्याकडे आपलं लक्षही जात नाही. पण दोघांचंही वर्षातून एक काम असं आहे, जे चुकलं तर नुकसान आपलं होतं. छाटणी चुकली तर मुनगा हाताबाहेर जातो. रेबीजची सुई चुकली तर घरातल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

म्हणून ही दोन्ही कामं एकाच दिवशी करायची सवय लावू. शेंगा संपल्या, तेंदूपत्ता आटोपला, मृग अजून लागला नाही, रोवणीची घाई पुढं आहे, तेव्हाचा एक दिवस धरा. मुनगा छाटला की कुत्र्याला सुई. लक्षात ठेवायला सोपं.

आधी मुनगा

पुस्तकात याला शेवगा म्हणतात. आपल्या उन्हाला तो घाबरत नाही. त्याला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे मुळाशी साचलेलं पाणी. आपली जमीन धानाची, पाणी धरून ठेवणारी. म्हणून मुनगा खोलगट जागी लावू नका. न्हाणीच्या पाण्याच्या जवळ चालेल, पण डबक्यात नको. दीड-दोन फुटांचा खड्डा करा, त्यात माती आणि कुजलेलं शेणखत भरा, आणि जमिनीपेक्षा थोडा उंच ओटा करून त्यावर लावा.

जुन्या झाडाची मनगटाएवढी जाड, तीन-चार फूट लांब फांदी पावसाच्या सुरुवातीला रोवली तरी फुटते. बी पेरून लावायचं असेल तर तमिळनाडूच्या कृषी विद्यापीठाची पीकेएम-१ ही जात सगळीकडे लावली जाते. ती लवकर शेंगा देते. घराच्या भिंतीपासून आठ-दहा फूट लांब लावा, कारण मुनग्याचं लाकूड ठिसूळ असतं. वादळात फांदी कवेलूंवर पडते. लेकरांना त्यावर चढू देऊ नका.

रोप तीन फुटांचं झालं की शेंडा खुडा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात. नंतर दरवर्षी शेंगा संपल्या की झाड कमरेएवढं राखून बाकीचं कापा. एवढं झाड कापताना जीव हळहळतो, हे खरं. पण न छाटलेला मुनगा घराच्या वर जातो. पाला खुडायला पोट्ट्याला वर चढवावं लागतं आणि शेंगा पाखरांच्याच कामी येतात. छाटलेल्या झाडाचा पाला हाताशी राहतो, तोही कोवळा.

पावसाळ्यात खोडावर केसाळ अळ्यांचा घोळका बसतो. हात लावू नका, अंगाला खाज सुटते. काडीनं साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडा. पाल्यावर किडी दिसल्या तर निंबोळीचा अर्क फवारा. अर्धा किलो निंबोळी कुटून पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, थोडा साबण घालून दहा लिटर पाणी करायचं. ज्या पाल्याची आपण भाजी करतो, त्यावर वावरातलं औषध मारायचं नाही.

आता ताटाकडे बघू. मुनग्याच्या पाल्यात लोह, कॅल्शियम, प्रथिनं आणि अ जीवनसत्त्व असतं. आणि २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. तरी भाजी केली की आधी कोणाच्या ताटात जाते? आपण शेवटी बसतो आणि भगोणं पुसून खातो. या वेळी आधी आपली वाटी काढून ठेवा. भाजीवर लिंबू पिळा, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेऊ नका, चहानं ते अडतं. जास्त पाला निघाला तर सावलीत वाळवा, उन्हात नको. त्याची भुकटी हवाबंद डब्यात ठेवा आणि वरणात चमचाभर टाका. मात्र आशाताईनं दिलेल्या लोहाच्या गोळ्या मुनग्याच्या भरवशावर बंद करायच्या नाहीत. मुळी आणि साल खायची नाही, गरोदर बाईनं तर मुळीच नाही.

आता म्हातारा कुत्रा

कुत्रा सात-आठ वर्षांचा झाला की म्हातारपण सुरू होतं. तोंडाजवळचे केस पांढरे होतात. डोळ्यांत निळसर झाक येते. सकाळी उठताना मागचे पाय ताठतात. हाक मारली तरी येत नाही, आणि आपण म्हणतो, "माजला आहे." तो माजलेला नसतो, त्याला ऐकू येत नाही.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बहिरा झालेला, कमी दिसणारा कुत्रा झोपेत असताना लेकरानं अंगावर हात टाकला तर तो दचकतो आणि चावतो. आयुष्यभर कोणाला न चावलेला कुत्राही असा चावू शकतो. लेकरांना शिकवा की झोपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही, तो जेवत असताना जवळ जायचं नाही. त्याला उठवायचं असेल तर समोरून जायचं आणि पाय जमिनीवर आपटायचा. ऐकू आलं नाही तरी हादरा कळतो.

त्याचं खाणं : दिवसातून दोनदा, थोडं थोडं. दात पडले असतील तर भात मऊ शिजवून वरणाच्या पाण्यात कालवा. नुसत्या भातावर म्हाताऱ्या कुत्र्याचं अंग झडतं. आठवड्यातून काही दिवस उकडलेलं अंडं द्या, नाहीतर तलावाची मासोळी काटे काढून. कांदा-लसणाचा रस्सा देऊ नका, कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. शिजवलेल्या कोंबडीची हाडं देऊ नका, ती टोकदार फुटतात आणि आतडं फाडतात. आपल्या अंगदुखीच्या, तापाच्या गोळ्या तर कधीच नाही. पॅरासिटामॉल आणि दुखण्याच्या इतर गोळ्या कुत्र्याला विषासारख्या लागतात.

त्याची जागा : आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत हाड गोठवणारी थंडी पडते आणि नवतप्यात अंग भाजतं. थंडीत जमिनीपासून थोडं वर, तणसावर पोतं टाकून द्या. उन्हाळ्यात पाण्याचं भांडं दोन ठिकाणी ठेवा, कारण त्याला लांब चालवत नाही. उन्हात तो मुनग्याच्या ओल्या आळ्यात जाऊन बसतो आणि माती उकरतो. त्याला मारू नका, त्याला गारवा पाहिजे असतो. आळ्याभोवती चार दगड मांडा आणि बाजूला सावलीत पोतं भिजवून टाका. झाडही राहील आणि कुत्राही.

सांदवाडीत कण्हेर, पिवळी कण्हेर, धोतरा, एरंडी असेल तर एकदा नजर टाका. कण्हेरीचा पाला आणि एरंडीची बी कुत्र्याला, शेळीला, लेकराला, सगळ्यांनाच विषारी आहे. छाटलेली कण्हेर उघड्यावर टाकू नका.

एकाएकी खूप पाणी पिऊ लागला आणि घरात लघवी करू लागला तर तो खोडसाळपणा नाही, दुखणं आहे. कुत्री म्हातारी असेल, खूप पाणी पीत असेल आणि मागून घाण जात असेल तर तिच्या गर्भाशयात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. गोचिडांसाठी गाई-म्हशीचं औषध अंदाजानं लावू नका, आधी विचारा. पशुसखी, जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा १९६२ हा फिरत्या पथकाचा फुकट नंबर, यांपैकी कोणालाही विचारता येतं.

"मरायला टेकलं, सुई कशाला?"

हे वाक्य मी गावोगावच्या बैठकीत ऐकते. याचं उत्तर असं, की सुई कुत्र्याच्या वयासाठी नसते. त्याच्या शेजारी झोपणाऱ्या लेकरासाठी असते.

रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्यामुळे होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण हा आजार टाळता येतो. फ्रान्समधल्या लुई पाश्चर यांनी १८८५ मध्ये कुत्रा चावलेल्या एका मुलाला लस टोचली आणि तो वाचला. तेव्हापासून आपल्या हातात उपाय आहे. कुत्र्याला तीन महिन्यांचा असताना पहिली सुई आणि नंतर दरवर्षी एक. म्हाताऱ्यालाही देता येते. खूप अशक्त असेल तर डॉक्टर बघून ठरवतील. मागची सुई कधी दिली ते आठवत नसेल, तर दिलीच नाही असं समजून चला.

तरीही कोणाला चावलं, ओरबाडलं किंवा जखमेवर चाटलं, तर हे करा :

१. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. घड्याळ बघून धुवा.
२. चुना, तिखट, हळद, तेल काही लावू नका. झाडपाला आणि मंत्र यांत वेळ घालवू नका.
३. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस तिथं मोफत मिळते. जखमेतून रक्त आलं असेल तर जखमेत वेगळी सुई द्यावी लागते, ती विचारून घ्या.
४. लसीच्या सगळ्या तारखा पूर्ण करा. दोन सुया घेऊन बरं वाटलं म्हणून थांबू नका.
५. कुत्र्याला मारू नका. बांधून १० दिवस लक्ष ठेवा. पण त्या १० दिवसांची वाट बघत आपली लस थांबवू नका.

आपला कुत्रा घरचा आहे, सुई दिलेली आहे, तरी चावल्यावर दवाखान्यात जायचंच.

रात्रीची गोष्ट

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतालच्या गावांतल्या तायांना हे वेगळं सांगायला नको. बिबट गावात येतो तो बहुतेक कुत्रा, शेळी, कोंबडी यांच्यासाठी. जवान कुत्रा वास घेऊन पळतो. म्हाताऱ्याला ना ऐकू येत, ना पळता येत, आणि साखळीनं अंगणात बांधला असेल तर तो बिबटाचं ताटच. मग बिबट त्याच अंगणात पुन्हा येतो, जिथं पहाटे आपण झाडायला उठतो. रात्री कुत्रा दार असलेल्या गोठ्यात किंवा घरात घ्या.

आणि एक. राखण होत नाही म्हणून म्हाताऱ्या कुत्र्याला गाडीत घालून बाजाराच्या गावी सोडून येतात. तिथं त्याला ना अन्न मिळतं, ना दुसरे कुत्रे राहू देतात. प्राण्याला असं उपाशी मरायला टाकून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. ज्यानं दहा वर्षं दार राखलं, त्याला वर्ष-दोन वर्षं मऊ भात घालणं घराला जड नाही.

पुढच्या बैठकीत हे करा

गटातल्या किती घरी कुत्रा आहे, त्याचं वय काय, मागची सुई कधी झाली, हे बैठकीत विचारून इतिवृत्तात लिहा. पाच-दहा कुत्रे निघाले तर ग्रामसंघाच्या नावानं पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना एक अर्ज द्या आणि गावातच लसीकरणाचा दिवस मागा. एकट्या बाईला कुत्रा घेऊन तालुक्याला जाणं जमत नाही, गटाला गावात डॉक्टर बोलावणं जमतं. त्याच दिवशी कृषीसखीला घेऊन मुनगे छाटा. ज्या ताईकडे मुनगा नाही, तिला कापलेल्यातली एक जाड फांदी द्या. ती सावलीत ठेवून पहिल्या पावसात रोवता येईल.

दशसूत्रीत आरोग्य येतं. ते बाईचं, लेकराचं आणि दारातल्या जनावराचं एकमेकांत गुंतलेलं आहे, म्हणून हा विषय गटाचाच आहे.

सुईची तारीख कॅलेंडरवर लिहाल तर वर्ष संपलं की ते रद्दीत जाईल. कोठीच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं नाही, रंगानं लिहा. पुढच्या महिन्यात बैठकीला येईन तेव्हा मी आधी इतिवृत्तात छाटणीची आणि सुईची तारीख बघीन, मग चहा घेईन.