धरणं शंभर, तरी नळ कोरडे

प्रश्न : सायप्रस बेटावर शंभराहून जास्त धरणं आहेत म्हणे. मग तिथं सारखी टंचाई कशी? आणि चहूबाजूंनी समुद्र असताना तेच पाणी गोडं का करत नाहीत?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : धरणांच्या आकड्यावर जाऊ नका. त्यातलं सगळ्यात मोठं कूरिस धरण साडेअकरा कोटी घनमीटरचं, म्हणजे आपल्या हिशेबात जेमतेम चार टीएमसी. बेटावरची सगळी धरणं काठोकाठ भरली तरी बारा टीएमसी होत नाहीत. एकट्या कोयनेत याच्या नऊपट पाणी मावतं. पण खरी मेख क्षमतेत नाही, येव्यात आहे.

तिथं पाऊस पडतो तो हिवाळ्यात. वर्षाचा आकडा ५०० मिमीच्या आतबाहेर, तुमच्या भागापेक्षा फार कमी नव्हे. उन्हाळाभर तापलेली माती आधी स्वतःची तहान भागवते, मग ओढे वाहू लागतात. समजा, ५०० मिमी पडला आणि माती, झाडं, ऊन मिळून ४०० पिऊन गेले, तर ओढ्याला १०० उरले. पुढच्या वर्षी ४५० पडला. माती-उन्हाची भूक मात्र जवळपास तेवढीच. ओढ्याला राहिले ५०. पाऊस दहा टक्के घटला, येवा निम्म्यावर आला! म्हणूनच २०१९ आणि २०२० मध्ये कूरिसचा सांडवा वाहताना बघायला गर्दी उसळली होती आणि २०२५ पर्यंत धरणांनी पुन्हा तळ गाठला. कूरिसचं पाणी किती उतरलं ते सांगायला तिथं मोजपट्टी लागत नाही. धरणासाठी उठवलेल्या अलासा गावाचं सेंट निकोलसचं दगडी चर्च पाण्याबाहेर आलं की लोक काय ते समजतात.

१९६० साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सायप्रसच्या धरणांत अवघे ६० लाख घनमीटर पाणी मावायचं. पुढं घोषणा झाली, ‘एक थेंबही समुद्रात जाऊ द्यायचा नाही’, आणि एकामागून एक नद्या अडवल्या गेल्या. घोषणा कानाला गोड, पण समुद्राकडे जाणारं पाणी वाया जातं हा समजच मुळात अर्धवट. कूरिसच्या खाली अक्रोतिरीचा किनारा आहे. तिथल्या भूजलाचं पुनर्भरण नदीच करायची. ती अडली, वर उपसा चालूच राहिला, आणि समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून आत सरकलं. (आपल्याकडे कोकणात किनाऱ्यालगत उपसा वाढला की विहिरी मचूळ होतात, तोच प्रकार.)

आता समुद्राचं पाणी. ते गोडं करतातच. देकेलियाचा प्रकल्प १९९७ पासून चालू आहे. तरीही २००८ च्या दुष्काळात नळाला काही तासच पाणी, तेही रोज नाही, अशी पाळी आली आणि ग्रीसहून जहाजांनी पाणी आणावं लागलं. त्यानंतर प्रकल्प वाढले. बेटाच्या उत्तर भागात तर २०१५ पासून तुर्कस्तानचं पाणी समुद्रातून नेलेल्या नळानं येतं.

अडचण विजेची आहे. हजार लिटर पाणी गोडं करायला साधारण तीन-चार युनिट लागतात, आणि तिथली बरीचशी वीज आयात तेलावर होते. घरगुती नळाला हा दर झेपतो. बटाटा नि संत्र्या-लिंबांच्या बागांना नाही. निम्म्याहून जास्त पाणी तर शेतीलाच लागतं. त्यामुळे धरणं आटली की कपातीची पहिली कुऱ्हाड शेतकऱ्यावरच पडते.