सैन्यात जायचंय? आधी जन्मतारीख आणि गणित बघा

नाशिककरांना लष्कर नवं नाही. फाळणीनंतर काकूलचं तोफखाना स्कूल देवळालीला आलं, नाशिक रोडला तोफखाना केंद्र आहे, गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टरांचे वैमानिक तयार होतात. डॉ. मुंजे यांनी १९३७ मध्ये भोसला मिलिटरी स्कूल काढलं तेही इथेच. तरीही दरवर्षी बारावीचा निकाल लागला की पालक विचारायला येतात, ‘‘मुलाला मिलिटरीत घालायचंय, फॉर्म कुठे भरायचा?’’ हा प्रश्न दहावीतच विचारायला हवा. बारावीनंतर विचारला तर काही वाटा बंद झालेल्या असतात.

अधिकारी व्हायचं असेल तर बारावीनंतरचा मुख्य रस्ता एनडीएचा, म्हणजे खडकवासल्याचा. यूपीएससी ही परीक्षा वर्षातून दोनदा घेते आणि बारावीत शिकत असतानाही ती देता येते. वयाची अट मात्र कडक आहे. प्रशिक्षण सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या आत हवं. जन्मतारीख कोणत्या दोन तारखांच्या दरम्यान हवी, हे प्रत्येक जाहिरातीत छापलेलं असतं. मुलाच्या वाट्याला किती परीक्षा येतात ते त्यावरून घरी बसून काढता येतं. बहुतेकांना मोजक्याच मिळतात. ‘आधी डिग्री करू, मग बघू’ म्हणणाऱ्यासाठी सीडीएस परीक्षा आहे, पण एनडीए तोवर हातची गेलेली असते.

दुसरी गोष्ट गणिताची. लष्कराच्या शाखेसाठी कला किंवा वाणिज्य शाखेची बारावीही चालते, हे खरं. पण लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गणिताचे आहेत आणि तो पेपर कोणालाच चुकत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. हवाई दल आणि नौदलासाठी तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित असावंच लागतं. अकरावीचा प्रवेश घेताना ‘गणित जड जातं’ म्हणून ते सोडून देण्याआधी एवढं लक्षात घ्या. जेईई मेन देणाऱ्या, बारावीला भौतिक-रसायन-गणितात चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांना लष्कराच्या टेक्निकल एंट्रीतून वेगळी लेखी परीक्षा न देता थेट मुलाखतीला जाता येतं. ही वाट अनेकांना ठाऊकच नसते.

लेखी पास झालात की एसएसबी. पाच दिवसांची ही निवड आणखी ९०० गुणांची असते आणि खरी चाळणी इथे लागते. पहिल्याच दिवशीच्या चाचणीनंतर बरीच मुलं घरी परततात. पुढे मानसशास्त्राच्या चाचण्या. पडद्यावर एक चित्र अर्धा मिनिट दिसतं आणि त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची. अशी बारा चित्रं, त्यातलं शेवटचं कोरं. मग साठ शब्द, प्रत्येकी पंधरा सेकंद, शब्द वाचून मनात येईल ते वाक्य लिहायचं. पाठ केलेल्या उत्तरांना इतक्या वेळात जागाच उरत नाही. घरात निर्णय घ्यायची, चार लोकांत बोलायची सवय नसलेलं मूल इथे अडखळतं. म्हणून पालकांनो, गॅस सिलिंडर आणण्यापासून गावच्या लग्नातल्या पंगतीपर्यंतची कामं त्याच्यावर सोपवा. ती तयारी कोणत्याही क्लासच्या तोडीची आहे.

एसएसबीचं बोलावणं आलेल्या महाराष्ट्रातल्या मुलांसाठी नाशिक रोडला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. राहणं, जेवण, शिकवणं, सगळं मोफत. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात होते. आपल्याच शहरातली ही सोय माहीत नसल्याने लोक हजारो रुपये खर्च करून परराज्यांत जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

दहावीनंतरची तयारी करून घेणारी सरकारी संस्था मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून आहे. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये नाशिकला सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर एनडीए मुलींना खुली झाली आणि ३० मे २०२५ रोजी पहिल्या तुकडीतल्या १७ जणी खडकवासल्याहून बाहेर पडल्या. ‘मुलीची जात, कुठे पाठवता’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे सांगा. डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्यांसाठी पुण्याचं एएफएमसी आहे, प्रवेश नीटमधून.

आता अग्निवीर. सिन्नर, निफाड, दिंडोरीकडची शेकडो मुलं पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात ती बहुतेक याच भरतीसाठी. सैनिक होण्याची ही वाट मानाची आहे, पण डोळे उघडे ठेवून निवडावी. नोकरी चार वर्षांची. त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे कायम केलं जातं. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले २१,००० हातात, उरलेले सेवा निधीत. चार वर्षांनी हा निधी सरकारच्या वाट्यासह सुमारे १०.०४ लाख आणि वर व्याज इतका होतो. निवृत्तिवेतन नाही. अर्ज साडेसतराव्या वर्षापासून करता येतो, वरची मर्यादा त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावी. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा, मग १.६ किलोमीटर धावणं. नुसतं पळून भागत नाही, लेखीत उडालेल्याला मैदान दिसतच नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याला अभ्यास झेपतो त्याने आधी एनडीए द्यावी. अग्निवीर व्हायचं तर बारावी चांगल्या गुणांनी पूर्ण करून व्हावं, आणि चार वर्षांत पदवीही मिळवावी. इग्नूने अग्निवीरांसाठी पदवीची सोय केली आहे. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी बाहेर पडताना हाती रक्कम आणि पदवी दोन्ही असतील, तर पोलीस भरतीपासून पुढच्या सगळ्या परीक्षा खुल्या राहतात.

आणखी दोन कामं ॲकॅडमीचे पैसे भरण्याआधी करा. मुलाचे डोळे, रंगांची ओळख, कान, गुडघे आणि तळपाय डॉक्टरांना दाखवून घ्या. रंगांधळेपणा किंवा सपाट तळपाय दोन वर्षं ॲकॅडमीत घाम गाळल्यावर कळला, तर मूल खचतं. आणि ‘आतून ओळख आहे, सेटिंग करून देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. अर्जाचं अधिकृत शुल्क सोडलं, तर भरतीत कोणालाही एक रुपया द्यावा लागत नाही. कोणी मागितला तर थेट पोलिसांत तक्रार करा.