कापड उलटून बघा

भालकीत राहून कैक वर्षं मी भरतकाम करते आहे. तरी उदगीरच्या भाचीच्या बाळंतविड्यासाठी भरलेली कुंची आठवली की आजही पोटात गोळा येतो.

साध्या लाल सुती कापडाची कुंची, कडेला खणाची पट्टी. मध्ये भरीव टाक्याचा मोर, भोवती गाठी टाक्याची विखुरलेली फुलं. बारसं चार दिवसांवर आलेलं. रंग संपला की मागे एक गाठ मारायची आणि कापून टाकायचं, असं मी केलं. एका फुलावरून दुसऱ्यावर जाताना तर दोरा तोडलाही नाही, मागून तसाच ओढून नेला. अस्तरही लावलं नाही.

तिसऱ्या धुण्यात गाठी सुटल्या आणि मोराचा पिसारा उसवला. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं. एका दुपारी बाळ रडायचं थांबेना. भाचीने पाहिलं, आतला लोंबता दोरा करंगळीला गुंडाळला होता, बोट लालबुंद. वेळीच दोरा कापला म्हणून निभावलं. असा दोरा आवळून बसला की बोटाचा रक्तपुरवठाच थांबतो, आणि तान्ह्याला सांगता येत नाही.

मी रडवेली होऊन बसले, तेव्हा सासूबाईंनी पेटीतलं इरकली लुगडं काढलं. पदरावर कसुतीचं गोपूर, पालखी, हत्ती. म्हणाल्या, "वरून समदेच बघत्यात. उलटून बघ की." कुठे गाठच नव्हती. कसुतीत गाठ मारतच नाहीत. गवंती टाका जाताना एक जागा सोडत जातो आणि परत येताना त्या रिकाम्या जागा भरतो, म्हणून दोन्ही बाजू सारख्या दिसतात.

तेव्हापासून मी दोरा संपेपर्यंत भरत नाही, चार बोटं उरला की थांबते. कापड उलटून सुई त्याच रंगाच्या चार-पाच टाक्यांखालून नेते. फक्त दोऱ्यांखालून, कापडात टोचायची नाही. मग शेवटचा टाका सोडून उलट दिशेने पुन्हा तितक्याच टाक्यांखालून परत. हे वळणच दोरा धरून ठेवतं. रेशमी दोरा निसटता, त्याला आणखी एक वळण द्यावं. धावदोऱ्यामागे किंवा उलट टाक्यामागे जागा कमी असते, तिथे दोरा त्या टाक्यांभोवती गुंडाळत न्यावा. गडद दोरा फिक्या रंगामागे लपवू नका, वरून सावली दिसते. आणि विखुरलेलं प्रत्येक फूल वेगळं संपवा, कितीही कंटाळा आला तरी.

टोक फार आखूड राहिलं तर घाबरू नका. रिकामी सुई आधी टाक्यांखाली सरकवायची, नाकं बाहेर ठेवायचं, मग त्यात टोक ओवून सुई ओढायची. बोटभर दोराही असा बसतो. सुरुवातीलाही गाठ नको. चार बोटं दोरा मोकळा ठेवावा आणि शेवटी असाच ओवावा.

ती कुंची मी पूर्ण उसवली, पुन्हा भरली आणि आतून मऊ सुती अस्तर लावून परत पाठवली. तुम्ही बाळंतविड्यात काही भरून देणार असाल, तर घडी घालण्याआधी कापड उलटा आणि एकेक टोक नखाने ओढून बघा. सुटलं तर त्या दिवशी देऊ नका.