बालीगंजात गरवायचं रीळ: कोणतं, कितीला?

गरियाहाट बाजारातले रुई-कातला बघून बालीगंजला आलेल्या कोकणी माणसाचे हात गरवायला शिवशिवणारच. दुकानात रिळाला ‘हुइल’ आणि काठीला ‘छिप’ म्हणा, काम लवकर होतं. खाली दिलेल्या किमती अंदाजाच्या आहेत.

जुने बंगाली गरवणारे धातूचं साधं चाक वापरतात. मूठ एकदा फिरवली की चाकही एकदाच फिरतं. आत दातेरी चक्रं नाहीत, म्हणून बिघडायलाही फारसं काही नाही. पण लांब फेक जमायला महिने जातात, आणि मासा पळाला की ब्रेक म्हणजे आपलाच हात. शिकवणारा कोणी असेल तरच घ्या.

नवख्याने स्पिनिंग रीळच घ्यावं. यात फेकताना चाक फिरत नाही, तंगूस नुसता सुटत जातो. त्यामुळे गुंता कमी. तळ्यासाठी ३००० किंवा ४००० आकार पुरे. बिननावाचं रीळ पाचशे ते हजारात मिळतं, शिमानो किंवा दाइवाचं साधं मॉडेल दोन ते साडेतीन हजारांत. मी दुसरं घेईन. खोक्यावरच्या ‘१०+१ बेअरिंग’ला भुलू नका, मूठ डुगडुगते का, तंगूस वळवणारी छोटी फिरकी सहज फिरते का, ते बघा. ५.२:१ म्हणजे मुठीच्या एका फेऱ्यात पाचाहून थोडे जास्त वेढे.

बेटकास्टर दिसायला रुबाबदार, किंमत तीन हजारांपुढे. त्यात चाकच फिरतं; अंगठ्याने वेळेवर आवरलं नाही तर तंगुसाचं घरटं होतं. तळ्यावर त्याची गरज नाही. फ्लाय रीळ तर डोंगरातल्या ट्राउटसाठी.

वाचलेले पैसे तंगुसावर घाला: ०.३५ मिमीचा चांगला तंगूस दोन-चारशेला येतो. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, तंगुसाच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्शावर ठेवा, म्हणजे सात किलोच्या तंगुसाला सव्वादोन किलोच्या आसपास. ड्रॅग घसरत असताना मूठ फिरवू नका, तंगुसाला पीळ पडतो. सुट्टीत हेच रीळ रत्नागिरीला नेलंत, तर खाऱ्या पाण्यानंतर गोड्या पाण्याने हलकं धुवा.

ढाकुरिया लेकवर, म्हणजे रवींद्र सरोवरावर, गळ टाकण्याआधी परवानगीची चौकशी करा. मोठे कातला सोडलेल्या खासगी तळ्याचं दिवसाचं तिकीट रिळाइतकं महाग असू शकतं, तेव्हा दर आधी विचारा. आणि रिळाचं पक्कं बिल मागून घ्या. वॉरंटी त्यावरच मिळते.