जुन्या लिनक्सचें कोठार

लिनक्स या संगणकप्रणालीच्या प्रत्येक आवृत्तीस आयुर्मर्यादा असते. उबुंटूच्या साधारण आवृत्तीस नऊ महिने व दीर्घ मुदतीच्या आवृत्तीस पांच वर्षे नेहमींच्या दुरुस्त्या मिळतात. सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ रोजीं संपली. ज्यांच्या घरीं अद्याप अशी जुनी प्रणाली चालूं आहे, त्यांच्यासाठीं हा लेख आम्ही लिहीत आहों.

लिनक्सवर नवा प्रोग्राम हवा असल्यास तो 'रिपॉझिटरी' नांवाच्या कोठारांतून येतो. कोठाराचा पत्ता संगणकांतच लिहिलेला असतो; डेबियनमध्यें व जुन्या उबुंटूंत तो 'सोर्सेस.लिस्ट' या फाइलींत सांपडतो. मुदत संपल्यावर कांहीं काळानें त्या आवृत्तीचे प्रोग्राम दुसऱ्या कोठारांत हलविले जातात. मग संगणक जुन्याच पत्त्यावर जातो व '४०४', म्हणजे 'येथें कांहीं नाहीं', असें उत्तर घेऊन परततो. यंत्र बिघडलें असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः पत्ता तेवढा बदललेला असतो.

उबुंटूच्या जुन्या कोठारास 'ओल्ड-रिलीजेस', डेबियनच्या 'आर्काइव्ह' व सेंटओएसच्या 'व्हॉल्ट' असें नांव आहे. प्रथम मूळ फाइलीची नक्कल ठेवावी. नंतर जुना पत्ता खोडून नवा लिहावा. आवृत्तीचें नांव मात्र बदलूं नये. शेवटीं 'ॲप्ट अपडेट' ही आज्ञा द्यावी. सेंटओएसमध्यें ही आज्ञा 'यम' या नांवानें दिली जाते.

डेबियनच्या जुन्या सूचीची तारीख उलटली असल्यास संगणक ती नाकारतो. अशा वेळीं तारखेची तपासणी बंद करण्यास हरकत नाहीं. परंतु सहीची तपासणी कदापि बंद करूं नये. तारखेवरून सूची किती ताजी आहे एवढेंच कळतें. ती खऱ्या कोठारांतूनच आली याची खात्री सहीनें पटते.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या कोठारांत जुने प्रोग्राम मिळतात. नव्या दुरुस्त्या मिळत नाहींत. मुदतीनंतर उघडकीस आलेलीं छिद्रें तशींच राहतात, आणि त्यांतून चोरास वाट मिळते. सबब पत्ता बदलून संगणक पूर्ववत् चालूं लागला म्हणजे तो सुरक्षित झाला, असें पालकांनीं समजूं नये. आपले लेख व छायाचित्रें दुसरीकडे उतरवून घ्यावींत, आवश्यक तेवढें साहित्य कोठारांतून आणावें, आणि नव्या आवृत्तीकडे जावें. तें शक्य नसेल तर तो संगणक इंटरनेटपासून दूर ठेवावा. जुनें कोठार हा पुढें जाण्याचा पूल आहे. त्यावर बिऱ्हाड करूं नये.